अप्पर हटची लायब्ररी आणि कोल्हापूरचे आबालाल

वेलिंग्टनमधल्या माणसाला "मी अप्पर हटला राहते" असं सांगितलं, की तो भुवया उंचावून "इतक्या लांब?" असं विचारतो. कर्जत-कसाऱ्याहून लोकलला लटकत ज्यांनी फोर्टातलं ऑफिस गाठलंय, त्यांना याचं हसू येईल. अंतर सारं ३२ किलोमीटर, विजेच्या गाडीने साधारण पाऊण तास, आणि बसायला जागा! पण ही गाडी आमच्या गावात येऊन संपते, म्हणून आम्ही 'लांबचे'. पुढे वैरारापाकडे जाणारी गाडी तेवढी रेमुटाका डोंगराखालच्या जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते.

गाव तसं साधं. दोन्हीकडे डोंगर, मधून हट नदी, हिवाळ्यात सकाळी गवतावर पांढरं हिव, आणि गावातून लांबच लांब जाणारा रस्ता. त्याचं नाव फर्ग्युसन ड्राइव्ह. पुण्याहून आलेले पाहुणे ही पाटी पाहून हटकून हसतात. गंमत अशी, की आपल्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी, १८७३-७४ मध्ये, न्यूझीलंडचे गव्हर्नर होते. पुढे त्यांचा मुलगा आणि नातूही इथे गव्हर्नर-जनरल झाले. तेव्हा पुणेकरांनी इथे परकं वाटून घेऊ नये!

या फर्ग्युसन ड्राइव्हवर आमची लायब्ररी आहे. तिथून दोन पावलांवर २००३ साली सुरू झालेलं कलाकेंद्र. तेव्हा त्याला 'एक्स्प्रेशन्स' म्हणत, आता 'फिरिनाकी फारे ताओंगा' म्हणतात. शनिवारी पाऊस असला (आणि तो असतोच) की मी दोन्ही मुलांना घेऊन लायब्ररीत जाते. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. त्यांनी घरी आणलेल्या ढिगात एकदा 'कमील अँड द सनफ्लॉवर्स' हे पुस्तक निघालं. लॉरेन्स अॅनहोल्ट यांचं, १९९४ चं. पोस्टमन रूलँचा मुलगा आणि व्हॅन गॉग यांच्या मैत्रीची गोष्ट. मग जेम्स मेह्यू यांची केटी आली, जी आजीबरोबर चित्रांच्या संग्रहालयात जाते आणि सरळ चित्राच्या आतच उतरते. मग माइक व्हेनेझिया यांची चित्रकारांची मालिका, ज्यात खऱ्या चित्रांच्या शेजारी वात्रट व्यंगचित्रं असतात. आमच्या घरी मोने, दगा, पिकासो अशी मंडळी येऊन-जाऊन राहू लागली.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. मुलांसाठी लिहिलेली चित्रकारांची चरित्रं पुष्कळदा चित्रकाराच्या हालअपेष्टांवर भर देतात. मग मुलांना व्हॅन गॉगचा कान लक्षात राहतो आणि सूर्यफुलं विसरतात. ज्या पुस्तकातून मूल 'पुढे काय झालं' असं विचारत न जाता त्याच पानावर पाच मिनिटं थांबतं, ते पुस्तक चांगलं, असं माझं मत.

आणि या थांबण्यातूनच एक फायदा झाला, तो सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या सगळ्यांच्याच घरातली अडचण तुम्हाला ठाऊक आहे. मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मराठी पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या ओळीला जांभई. चित्राच्या पुस्तकाचं तसं होत नाही, कारण चित्राला भाषाच नसते! मजकूर इंग्रजी असला तरी त्यावर हात ठेवायचा आणि चित्र मराठीत वाचायचं. मोनेच्या तळ्यात नुसतं 'ग्रीन' कुठे असतं? शेवाळी असतं, पोपटी असतं, मोरपंखी असतं. पाण्यातली सावली आमसुली की जांभळी यावरून आमच्याकडे एकदा चांगलीच वादावादी झाली. धाकट्याला आमसुली म्हणजे काय ते कळेना, म्हणून डब्यातून आमसूल काढून चित्राशेजारी ठेवलं. ते त्याने लगेच तोंडात टाकलं, आणि तो रंग आता तो जन्मात विसरणार नाही. अबोली रंगाची पंचाईत झाली. ते फूल इथे आणायचं कुठून? शेवटी आईच्या एका साडीवर भागवलं. डाळिंबी, गुलबक्षी, चिंतामणी, तपकिरी, राखाडी... मराठीत इतके रंग आहेत, हे मलाही बोलताबोलताच आठवत गेलं.

याचा दुसरा लाभ कोल्हापूरला झाला. माझे वडील तिथे असतात, एकटे. दर रविवारी आमच्या संध्याकाळी आणि त्यांच्या भरदुपारी फोन. पूर्वी तो दोन मिनिटांत आटपायचा. "काय म्हणतोस?" "बरा आहे." "शाळा?" "गुड." पुढे दोन्हीकडे शांतता. आजोबांना वाईट वाटतंय हे मला दिसायचं, पण मुलांना तरी काय बोलावं सुचणार?

मग एकदा लायब्ररीतल्या रीटा अँगसच्या मोठ्या पुस्तकातलं 'कॅस' हे चित्र मी त्यांना पाठवलं. रीटा अँगस ही न्यूझीलंडची नामवंत चित्रकार, जन्म १९०८, मृत्यू १९७० मध्ये वेलिंग्टनला. हे चित्र १९३६ चं, मूळ क्राइस्टचर्चच्या संग्रहालयात आहे. डोंगरांच्या पायथ्याशी इवलंसं रेल्वे स्टेशन आणि तिथे गाडीची वाट पाहत बसलेला एकटा माणूस. माझ्या वडिलांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. त्यांनी चित्र कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं, चष्मा लावला, आणि रविवारी फोनवर पहिलाच प्रश्न, "गाडी कुठल्या बाजूने येणार, सांगा बघू?" झालं! डावीकडून की उजवीकडून, तो माणूस प्रवासी की पोर्टर, एवढ्याशा स्टेशनात चहा मिळत असेल का, यावर चाळीस मिनिटं गेली. धाकट्याने उत्तरं अर्धी इंग्रजीत दिली, अर्धी मराठीत. पण फोन ठेवताना तो म्हणाला, "आजोबा, नेक्स्ट चित्र तुम्ही सांगा."

आता मी पडले स्ट्रक्चरल इंजिनियर. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्केल लिहिलेलं नसेल तर साइटवर शिव्या बसतात. पुस्तकातल्या चित्रांना स्केल नसतं हे मला खटकायचं. मोनालिसा आणि गेर्निका, दोघीही एका पानावर मावतात! बारीक अक्षरात मापं दिलेली असतात, ती कुणी वाचत नाही. म्हणून आम्ही ती घरच्या भिंतीवर चिकटपट्टीने आखायला लागलो. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर. "एवढीच?" म्हणून मुलं हिरमुसली. मग पिकासोची गेर्निका, उंची साडेतीन मीटर आणि लांबी पावणेआठ. ती कुठल्याच भिंतीवर बसेना, तेव्हा ड्राइव्हवेवर खडूने काढली. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, नवी गॅरेज बांधताय का?

तेव्हा पुस्तक पाहून झालं की मूळ चित्र गाठायचं, असं ठरलं. इथून ते सोपं आहे. वेलिंग्टनला जाणाऱ्या गाडीत बसायचं. ट्रेंटम, सिल्व्हरस्ट्रीम, टायटा, वॉटर्लू करत गाडी पेटोनीला येते आणि एकदम समुद्राच्या कडेने धावू लागते. त्या दहा मिनिटांत मुलांना खिडकीतून पाण्याचे रंग मोजायला लावायचे, मराठीत. स्टेशनवरून बंदराच्या काठाने वीस-पंचवीस मिनिटं चाललं, वाऱ्याने उडून गेलो नाही, तर समोर 'ते पापा'. १९९८ मध्ये उघडलेलं हे राष्ट्रीय संग्रहालय भूकंपात हलणाऱ्या जमिनीपासून सुटं राहावं म्हणून रबर-शिशाच्या बेअरिंगांवर उभं केलंय. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी मुलं कान झाकून घेतात.

२०२१ च्या डिसेंबरपासून काही महिने तिथे रीटा अँगसचं मोठं प्रदर्शन होतं. त्यात एका चित्रापाशी थोरली थबकली. चित्राचं नाव इंग्रजीत 'रूटू', साल १९५१. आमच्या मुलांनी ते 'ऋतू' असंच वाचलं. सावळ्या वर्णाची, पिवळ्या केसांची बाई, हातात कमळ, डोक्यामागे सूर्याचं गोल वलय. थोरली मोठ्याने म्हणाली, "आई, ही तर आजीच्या देवघरातली लक्ष्मी!"

आता ही लक्ष्मी आली कुठून? आईच्या देवघरात राजा रविवर्म्याची जुनी छापील तसबीर होती. ती गेल्यावरही वडिलांनी हलवलेली नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यात टांगायची चित्रं अशी घरोघरी पोचली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनीही थोर चित्रकार पाहिला तो छापील कागदावरच. एक कानगोष्ट सांगून टाकते. हातात समई घेतलेली, बोटांतून उजेड झिरपणारी बाई आपल्याकडे कॅलेंडरांवर असायची, तीही पुष्कळजण रविवर्म्याची समजतात. ती आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची, आणि मूळ चित्र म्हैसूरला आहे.

न्यूझीलंडचंही तेच. इथला सर्वांत गाजलेला चित्रकार कॉलिन मकॅहन. त्याला क्युबिझमची पहिली ओळख झाली ती 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात छापलेल्या चित्रांवरून. १९५८ मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथल्या संग्रहालयांमधून मोठमोठी चित्रं त्याने पाहिली, आणि परत आल्यावर त्याच वर्षी 'नॉर्थलँड पॅनेल्स' रंगवली. माणसाच्या उंचीचे आठ कॅनव्हास, शेजारी शेजारी. ग्रेगरी ओब्रायन यांनी इथल्या मुलांसाठी लिहिलेली 'वेलकम टू द साउथ सीज' (२००४) आणि 'बॅक अँड बियाँड' (२००८) ही दोन पुस्तकं मिळाली तर जरूर आणा. या देशातली चित्रं कशी पाहावीत ते त्यात मुलांशी गप्पा मारत सांगितलंय.

त्या दिवशी परतीच्या गाडीत थोरलीने विचारलं, "आई, लायब्ररीत आपले आर्टिस्ट कुठल्या शेल्फवर असतात?" लायब्ररीच्या आकड्यांत चित्रकलेचा नंबर ७५९, त्यातला न्यूझीलंडचा ७५९.९९३ आणि भारताचा ७५९.९५४. पुढच्या शनिवारी ती स्वतः जाऊन शोधून आली. मुलांच्या कप्प्यात ७५९.९५४ वर काही नव्हतं. "मग आपल्याकडे आर्टिस्ट नसतात?" हा प्रश्न तिने फोनवर आजोबांना विचारला. कोल्हापूरच्या माणसाला! कलापूर म्हणवणाऱ्या गावात जन्म गेलेल्या माणसाला! आजोबा म्हणाले, "या तुम्ही. दाखवतो."

मागच्या भारतवारीत त्यांनी खरंच दाखवलं. पहिल्याच सकाळी टाउन हॉलचं म्युझियम. तिथे आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. आबालाल कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि रंकाळा, कोटीतीर्थ असा गावाभोवतीचा निसर्ग त्यांनी रंगवला. १९३१ मध्ये ते वारले. तिथून आजोबा नातवंडांना रिक्षाने थेट रंकाळ्यावर घेऊन गेले आणि १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर दुःखाच्या भरात आबालालनी आपली कितीतरी चित्रं या तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात ते त्यांनी सांगितलं. धाकटा कठड्यावरून वाकून पाण्यात बघत राहिला. "अजून आहेत?" "कागद रे तो, विरघळला." "मग पाण्याला रंग आला असेल?" आजोबांकडे याचं उत्तर नव्हतं. तिघांनी मिळून ओली भेळ खाल्ली.

माझ्या त्या व्हॅन गॉगच्या कानाबद्दलच्या मताचं रंकाळ्यावर काही चाललं नाही, हे मान्य. पण मुलांनी आदल्या तासाभरात चित्रं पाहिलेली होती, हा फरक.

आबालालवर मुलांसाठी मराठी पुस्तक असेल म्हणून आम्ही दुकानं धुंडाळली. तसं मिळालं नाही. मिळालं ते हे. ज्योत्स्ना प्रकाशनाचं माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन', आणि त्यांनीच केलेले 'वाचू आनंदे'चे भाग, ज्यात मराठी साहित्यातल्या उताऱ्यांच्या जोडीला भारतीय चित्रं आहेत. पुरंदरे स्वतः चित्रकार, पॅरिसला शिकलेल्या, त्यामुळे चित्र नुसतं पान भरायला टाकलेलं वाटत नाही. मोठ्यांसाठी त्यांचं 'पिकासो'ही घेतलं. तारा बुक्सची गोंड आणि वारली चित्रकारांची पुस्तकं मुलांनी निवडली. भज्जू श्याम यांचं 'द लंडन जंगल बुक' तर इकडच्या मुलांनी वाचावंच. गोंड माणूस लंडनला जातो आणि परक्या शहराचं चित्र आपल्या पद्धतीने काढतो. शक्य तिथे सगळं दोन-दोन प्रतींत घेतलं. एक कोल्हापूरला आजोबांच्या टेबलावर, एक आमच्या बॅगेत. विमानतळावर वजनकाट्याने कुरकुर केली तेव्हा लोणच्याची बरणी काढून ठेवावी लागली.

आणि आबालालचं पुस्तक? ते आजोबांनीच लिहायला घेतलंय. शंभर पानी वही, रेल्वेतलं टपोरं अक्षर. एक पान ते लिहितात आणि फोटो पाठवतात. थोरली ते अडखळत वाचते, समोरच्या पानावर चित्र काढते. आतापर्यंत बारा पानं झाली. जोडाक्षरं आली की अजून फोन लावते, 'उद्ध्वस्त' या शब्दाला पंधरा मिनिटं लागली.

वर सांगितलेली सगळी पुस्तकं आमच्याकडे अप्पर हटला आहेत. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येईन, कुणाला हवी असतील त्यांनी महिनाभर न्यावीत. वही मात्र द्यायची नाही असं थोरलीने बजावलंय, ती बघायला घरी यावं लागेल.