चीक आणि चकाकी

फणस फोडण्यापूर्वी हाताला आणि सुरीला तेल लावावे, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. मोटारीवर वाळलेला फणसाचा चीकही खोबरेल तेलाने मऊ करून साबणाच्या पाण्याने धुता येतो. आमच्या गाडीचा तसाच निघाला. परंतु खालचा रंग निस्तेज आणि ओरखड्यांनी भरलेला दिसला. तेव्हा अंगणातला फणस तोडण्याचीच भाषा घरात सुरू झाली.

मोटारीच्या रंगावर पारदर्शक लेप असतो. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. नखाला न अडकणारा ओरखडा बहुधा या लेपापुरताच असतो. सावलीत, थंड पत्र्यावर, मऊ फडक्याने रबिंग कंपाऊंड हलके घासावे. मग पॉलिश, शेवटी मेण. नख अडकले तर मात्र रंगाऱ्याकडे जावे. घासताना लेप झिजतो आणि झिजलेला लेप परत येत नाही. म्हणून हात संयमाने चालवावा.

एका दुपारच्या श्रमाने आमच्या गाडीची चकाकी परतली. वडिलांनी लावलेला फणस तोडला असता, तर ती सावली आमच्या हयातीत परतली नसती. आम्ही गाडीचीच जागा बदलली.