एक कोटीचा डबा

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, पन्नाशीला टेकलेल्या या बाईला हे काय नवं खूळ! आमच्याकडे 'हे'ही तेच म्हणाले. पण मी चौदा घरी डबे देते. महिनाअखेरीला तीनदा बेरीज केली की तीन उत्तरं येतात. पुण्याची लेक म्हणाली, "आई, पायथॉन शीक. तुझा हिशेब तूच मांडशील."

पायथॉन म्हणजे अजगर नव्हे बरं का! संगणकाला कामं सांगायची ती एक भाषा. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रोसम यांनी १९९१ साली ती लोकांपुढे आणली आणि नाव ठेवलं एका इंग्रजी विनोदी मालिकेवरून. मला मात्र पहिले आठ दिवस काही हसू आलं नाही.

माझं नाव पाचदा उमटवायचं, एवढाच पहिला धडा. तर पडद्यावर तांबडी अक्षरं! 'फॉर'च्या ओळीशेवटी दोन टिंबं राहिली होती. ती दिली, तरी तांबडी अक्षरं. खालची ओळ थोडी आत सरकवून लिहायची असते म्हणे. पानात मीठ वाढायचं राहिलं तर पाहुणा मागून तरी घेतो. हा आपला हटून बसतो.

मग दोन घरांचा हिशेब घातला. एकाचे १८००, दुसऱ्याचे २२००. उत्तर आलं १८००२२००. एक कोटी ऐंशी लाख दोन हजार दोनशे! आणि तांबडं अक्षर एकही नाही. खरं सांगते, त्याचीच जास्त धास्ती वाटली. चूक झाली, हे सांगायलाही कोणी नाही!

रात्री साडेदहाला लेकीला फोन लावला. "मला नाही जमायचं," म्हटलं. ती म्हणाली, "एकेक ओळ मोठ्याने वाच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल." एक टाका सुटला म्हणून आपण सगळा स्वेटर थोडाच उसवतो? वाचत गेले. आपण टंकलेलं सारं तो अक्षरं म्हणूनच घेतो आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. हा आकडा आहे, असं 'इंट' लिहून सांगावं लागतं. पोरीला हे पहिल्याच मिनिटाला कळलं असणार. पण मला सापडेपर्यंत ती गप्प राहिली, चांगली वीस मिनिटं.

फोन ठेवला आणि तिची चौथी आठवली. हातच्याची वजाबाकी चुकली, म्हणून "एवढंसुद्धा कळत नाही?" म्हणत मी तिच्या वहीचं पान टराटरा फाडलं होतं. त्यानंतर गणित विचारायला ती शेजारच्या काकूंकडे जायची. तिला ते आठवतं का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता उत्तर ४००० येतं. बाकीची बारा घरं घालायची आहेत, आणि डब्याचे खाडे वजा कसे करायचे, तिथे सध्या गाडी अडली आहे.