आवाज आरी क्या? : नांदेड ते लातूर

नांदेडच्या देगलूर नाक्यावर मोबाइलच्या दुकानांची रांगच आहे. दाराशी रिचार्जचा फलक, काचेच्या कपाटात कव्हर आणि चार्जर, आत दिव्याखाली एखादा फोन उघडून बसलेला मुलगा. त्यातल्या एका दुकानाच्या नव्या पाटीखालून जुनी पिवळी पाटी अजून डोकावते. जरा तिरपे उभे राहिले की 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' ही अक्षरे लागतात. दुकानाचे मालक आमच्या ओळखीचे. आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. ते म्हणाले, "बूथची काचेची केबिनसुद्धा आत आहे. मोडायला जीव झाला नाही. आता तिच्यात रिकामी खोकी ठेवतो."

आम्ही दोघे पती-पत्नी एका निकाहासाठी नांदेडहून लातूरला निघालो होतो. आमची नाती दोन्ही शहरांत पसरलेली. त्यातले कुणी रियाधला गाडी चालवायला गेले, कुणी दमामला वेल्डिंगला, कुणी दुबईला शिवणकामाला. माणूस तिकडे आणि घर इकडे, अशी वीस-वीस वर्षे काहींनी काढली. इतकी वर्षे ही माणसे एकमेकांशी बोलली कशी, हा प्रश्न चाचांच्या केबिनने मनात घातला. मग वाटेत भेटेल त्याला आम्ही तोच विचारत गेलो.

चाचांचे उत्तर तयार होते. रात्री 11 नंतर एसटीडीचा दर दिवसाच्या चौथ्या हिश्श्यावर यायचा, म्हणून साडेदहापासूनच बाकावर माणसे बसलेली असत. परदेशी फोन लावणे सगळ्यांना परवडत नसे. तिकडून पत्र यायचे की अमुक शुक्रवारी असरनंतर फोन करीन, आणि त्या दिवशी बायको मुलांना घेऊन बूथवर येऊन बसायची. घंटा वाजली की चाचा केबिनचे दार उघडून देत आणि स्वतः बाहेर उभे राहत. "आत काय बोलणे झाले, ते मी कधी ऐकले नाही," ते म्हणाले. "रडून बाहेर आली तर पाणी द्यायचो."

ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पत्र परक्याच्या तोंडून यायचे. शेजारचा शाळकरी मुलगा किंवा पोस्टमन ते वाचून दाखवी. यावर तोड निघाली ती कॅसेटची. सुटीवर येणाऱ्याच्या सामानात कोरी वाटणारी एखादी कॅसेट असायची. ती टेपमध्ये घातली की सलाम ऐकू येई, मग खोलीतल्या कूलरची घरघर, मग मुलाचा आवाज. इकडून तिच्या दुसऱ्या बाजूवर अम्मी, खाला, फुफी सगळ्या बोलत आणि ती पुढच्या जाणाऱ्याबरोबर परत जाई. एका प्रश्नाचे उत्तर मिळायला दोन-तीन महिने लागत.

इंटरनेटवरून बोलण्याला आपल्या सरकारने 1 एप्रिल 2002 पासून परवानगी दिली. 2003 मध्ये स्काइप आले. पण तेव्हा त्यासाठी संगणक लागायचा, म्हणजे सायबर कॅफेत जायचे, कानाला हेडफोन लावायचा आणि शेजारी गेम खेळणाऱ्या मुलांच्या गोंगाटात बोलायचे. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तिथे जाणे शक्यच नव्हते. ही सोय खऱ्या अर्थाने घरात आली ती हातातल्या फोनवरून. नोकियाच्या महागड्या फोनवर फ्रिंग आणि निंबझ चालायचे. 2010 च्या डिसेंबरात व्हायबर आले, आधी आयफोनवर आणि मग अँड्रॉइडवर. त्याच सुमारास स्वस्त अँड्रॉइड फोन आपल्याकडच्या दुकानांत दिसू लागले. सुटीवर आलेला माणूस आता सोबत दोन फोन आणू लागला, एक स्वतःचा आणि एक घरच्यांसाठी. कारण या कॉलची पहिली अट हीच की दोन्ही टोकांना तेच अ‍ॅप हवे.

आमची बस गोदावरीकाठचे नांदेड सोडून लोह्याकडे लागली. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर आणि मग लातूर, असा हा रस्ता आहे. आता तो 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. शेजारी बसलेले एक निवृत्त गुरुजी आमचे बोलणे ऐकत होते. ते म्हणाले, "लोहा सोडले की रेंज जायची. म्हणून मी नांदेडलाच घरी मिस्ड कॉल देऊन ठेवायचो. एक घंटा म्हणजे निघालो, दोन घंटा म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या." अशी एक पैशाचाही खर्च नसलेली भाषा तेव्हा घरोघरी होती, आणि प्रत्येक घराचे व्याकरण वेगळे.

इंटरनेटच्या कॉलची गंमत, किंवा गैरसोय, पुढच्या पिढीला सांगूनही पटणार नाही. जुन्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्या दोघांसाठी एक वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत राखून ठेवलेली असे. म्हणून तर अंतर वाढले की दर वाढायचा. इंटरनेटच्या कॉलमध्ये आवाजाचे आकडे होतात, त्या आकड्यांचे बारीक तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकडा गर्दीतून आपापली वाट काढत जातो. पैसे पडतात ते डेटाचे, अंतराचे नव्हे. नांदेडहून लोह्याला बोला नाहीतर जेद्दाला बोला, खर्च तोच. पण एखादा तुकडा उशिरा पोहोचला तर तो टाकून द्यावा लागतो, कारण वाक्य तोवर पुढे गेलेले असते. टू-जीच्या अरुंद वाटेवर असे तुकडे फार गळायचे. "अम्मी की तबीयत..." आणि पुढे शांतता. बिघडली की सुधारली, हे कळायला पुन्हा फोन लावावा लागायचा. आपलाच आवाज दोन सेकंदांनी परत ऐकू यायचा. त्या काळात सलामनंतरचे वाक्य ठरलेले होते: "आवाज आरी क्या? मेरेकू तो आरी."

अहमदपूरला बस चहासाठी थांबली. स्टँडसमोरच्या मोबाइलवाल्याने आम्हाला त्या दिवसांची दुसरी बाजू सांगितली. डेटा महाग होता, म्हणून गाणी, नात, कव्वाली, बयान हे सगळे दुकानातच मिळायचे. गिऱ्हाईक मेमरी कार्ड काढून द्यायचे आणि हा आपल्या संगणकावरून ते भरून द्यायचा. एकाच कार्डात किराअत, कव्वाली आणि सिनेमा शेजारी शेजारी नांदायचे. पुढे शेअरइट आले आणि फोनातून फोनात, तार किंवा डेटा न लागता, अख्खा व्हिडिओ जाऊ लागला. शेअरइटवर 2020 च्या जूनमध्ये सरकारने बंदी घातली, पण तोवर त्याची गरजच संपत आली होती.

"अ‍ॅप टाकून देणे हाही धंदा होता," तो म्हणाला. अँड्रॉइडला गूगलचे खाते लागते. ते पुष्कळांना स्वतः उघडता येत नसे, म्हणून दुकानदारच उघडून द्यायचा. पासवर्ड त्याच्याच वहीत राहायचा. बायका रिचार्जसाठी दुकानात नंबर सांगायला कचरत. नको त्याच्या हाती नंबर जाईल ही भीती खोटी नव्हती. म्हणून त्या खरडून वापरायचे कूपन मागवत. म्हणजे फोन घरात आला, तरी त्याच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात होत्या. हे वाक्य त्याचे नाही, आमचे आहे. पण लातूरला पोहोचल्यावर ते आम्हाला वारंवार आठवले.

लातूर म्हटले की गंजगोलाई. निजामाच्या काळातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा गोल बाजार. मध्ये देवीचे मंदिर आणि भोवती येऊन मिळणारे 16 रस्ते. एका रस्त्याला कापड, एकाला सराफा, एकाला भुसार. निकाहासाठी बांगड्या घ्यायला आम्ही तिथे गेलो, तेव्हा दुकानातली मुलगी एका हाताने बांगड्या दाखवत होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर कुण्या गिऱ्हाइकाला त्याच बांगड्या व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश 2013 मध्ये आले, बोलण्याची सोय 2015 मध्ये, आणि चित्रासह बोलण्याची 2016 च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ सुरू झाले आणि काही महिने डेटा फुकट मिळाला. त्याआधीचे आणि नंतरचे लातूर, असे लोक सहज बोलतात.

पण लातूरकरांना 2016 आठवते ते दुसऱ्याच कारणाने. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्या फुफी सांगतात, त्या उन्हाळ्यात दमामहून मुलाचा फोन आला की 'आवाज आरी क्या' नंतर लगेच दुसरा प्रश्न असायचा, "पानी आया क्या?" हंड्यांची रांग, टँकर, रिकामी टाकी, सगळ्याचे फोटो तिकडे जात. तिकडे वाळवंटात नळाला पाणी आणि इकडे घरचे हंडे कोरडे, हे त्याला पाहवत नसे.

फुफींना लिहिता-वाचता येत नाही. आवाजी संदेश आले तेव्हा नातवाने त्यांना माइकचे चिन्ह दाबून धरायला शिकवले. त्या दिवसापासून त्यांचे पत्र वाचायला आणि लिहायला कुणी मध्ये लागले नाही. कॅसेटचेच काम, पण महिन्यांऐवजी मिनिटांत. "पहिल्यांदा मी माझ्या मुलाशी एकटीने बोलले," त्या म्हणाल्या.

त्यांच्या सूनबाई, आमच्या भाभी, पलीकडे भाजी निवडत बसल्या होत्या. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "फोन फुकट झाला आणि माझे बोलणे बंद झाले."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. बूथच्या दिवसांत महिन्यातून एकदा का होईना, केबिनचे दार लागायचे आणि नवऱ्याशी चार शब्द बोलता यायचे. घरात स्मार्टफोन आला तो दिराकडे. फोन आला की सगळे भोवती जमत, स्पीकर चालू होई. कुणाच्या मनात वाईट नव्हते. सगळ्यांनाच तो हवा असायचा. पण भाभींच्या वाट्याला "बच्चे ठीक हैं" एवढेच वाक्य उरले. सौदीत 2013 मध्ये व्हायबर बंद झाले, मग घरात इमो आले. अ‍ॅप बदलले, स्पीकर तोच राहिला. 2015 च्या जूनमध्ये थोरली मुलगी चांगल्या गुणांनी दहावी झाली. तिला विज्ञान शाखेला जायचे होते. ज्या लातुरात आसपासच्या जिल्ह्यांतून मुले शिकायला येतात, त्याच लातुरातल्या या मुलीला घरचे म्हणत होते की आता पुरे. पैसे घराच्या वरच्या मजल्यासाठी ठेवलेले होते. ही गोष्ट भरल्या बैठकीत, सासऱ्यांसमोर, स्पीकरवर कशी काढणार?

त्याच महिन्यात आई आजारी म्हणून भाभी नांदेडला माहेरी आल्या. रात्री धाकट्या बहिणीचा फोन घेऊन त्या गच्चीवर गेल्या. चाळीस मिनिटे बोलणे झाले. मध्ये चार वेळा कॉल तुटला. दर वेळी नव्याने "आवाज आरी क्या" झाले आणि दर वेळी त्यांनी वाक्य पहिल्यापासून सांगितले. तिकडून लगेच होकार आला नाही. पण पहाटे एक आवाजी संदेश आला, अब्बांच्या नावाचा, सगळ्यांनी ऐकावा असा: वरचा मजला थांबू द्या, मुलीला शिकू द्या. ती मुलगी आज फार्मासिस्ट आहे.

फुफी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला सांगितले असते तर मी नाही म्हटले असते का?" भाभी हसल्या. "सांगायला स्पीकर बंद कधी होता, अम्मी?" फुफींनी यावर काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या हातातला भाजीचा ढीग भाभींच्या ताटात सरकवला आणि चहा टाकायला स्वतः उठल्या.

वाचकहो, ही एकाच घराची गोष्ट आहे, पण आकडे पाहिले तर ती एका घराची राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी स्वतःला वापरता येईल असा मोबाइल 2015-16 मध्ये सुमारे 46 टक्क्यांकडे होता. 2019-21 मध्ये हे प्रमाण 54 टक्क्यांवर गेले. म्हणजे तेव्हाही जवळजवळ अर्ध्या बायका दुसऱ्याच्या फोनवर बोलत होत्या. दुसऱ्याच्या फोनवर माणूस खुशाली सांगतो. अडचण सांगत नाही.

तिकडच्या बाजूलाही अडथळे कमी नव्हते. सौदी सरकारने इंटरनेट कॉलवरची बंदी 2017 च्या सप्टेंबरात उठवली, तरी सगळ्या अ‍ॅप्सवरचे कॉल एकदम मोकळे झाले नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत परवाना असलेल्या मोजक्याच अ‍ॅप्सवरून बोलता येत असे. एक अ‍ॅप बंद पडले की लोक दुसरे शोधत. सरकारे आणि कंपन्या काय करतील ते आपल्या हातात नाही. घरातला स्पीकर मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून ज्यांच्या घरातले कुणी दूर आहे, मग ते दमामला असो, पुण्याला असो की लातूरच्या वसतिगृहात, त्यांना आमची एकच विनंती आहे. फोन आला की सगळ्यांनी सलाम करावा, मुलांनी चेहरा दाखवावा, थोरांनी दुआ द्यावी. त्यानंतर स्पीकर बंद करून फोन एकेकाच्या हाती द्यावा, आणि बाकीच्यांनी उठून दुसऱ्या खोलीत जावे. सुनेला दहा मिनिटे, मुलीला दहा मिनिटे, आणि घरातल्या ज्या बुजुर्गांना लिहिता येत नाही त्यांनाही त्यांची दहा मिनिटे. आता मिनिटाचे पैसे पडत नाहीत.