रंगभूमीवरील प्रियाराधन

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि मंडपांतून रात्रभर नाटके रंगतात. गेल्या साली साकोलीकडील एका खेड्यात आम्ही सहकुटुंब ‘संशयकल्लोळ’ पाहिले. फाल्गुनराव व कृत्तिका यांच्या परस्परसंशयाला मंडळी पोट धरून हसत होती; आमचे चित्त मात्र अश्विनशेठ व रेवती यांच्यापाशी घुटमळत राहिले.

या नाटकाचे मूळ आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’ या १७६१ सालच्या इंग्रजी प्रहसनात आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यास मराठी पेहराव चढविला आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते संगीतरूपाने रंगभूमीवर आणले.

मूळ नाटकातील बेलिंडा ही कुलीन घरची तरुणी. तिने प्रियकरावर प्रेम करावे, त्याच्यावर रुसावे, यात लंडनच्या प्रेक्षकांस नवल नव्हते. देवलांपुढे मात्र पेच होता. त्या काळी आपल्या पांढरपेशा घरांत मुलीचे लग्न बहुधा बालपणीच उरकत असे. मग प्रियाराधनास वाव कोठून मिळावा? रेवती गणिकेची कन्या झाली ती यामुळेच असावी, असे आम्हांस वाटते. ज्या स्त्रीला समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले, तिलाच काय ती पुरुषाशी बोलण्याची मोकळीक! आणि अश्विनशेठ तिच्याशी रीतसर लग्न करावयास निघतो, हे देवलांचे धाडस. १८९९ मध्ये ‘शारदा’ लिहिणाऱ्या लेखणीस ते शोभलेच.

परतताना हा विचार आम्ही मोठ्या ऐटीत बोलून दाखविला. तेव्हा आमच्या मंडळी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही मला पाहायला आला होतात, तेव्हा माझ्याशी किती बोललात?”

आम्ही आठवून पाहिले. एकच प्रश्न झाला होता, नावाचा; आणि तोही आमच्या मामांनी विचारला होता.

“फाल्गुनरावाने निदान संशय घेण्याइतकी तरी बायकोची दखल घेतली,” त्या हसून म्हणाल्या. त्या हसण्यात चाळीस वर्षे होती.

पुढल्याच आठवड्यात आमच्या पुतणीला पाहावयास पाहुणे यावयाचे होते. मुलाशी आधी एकटीने बोलू द्या, अशी तिची विनवणी आम्ही ‘रीत नव्हे’ म्हणून धुडकावली होती. फाल्गुनरावाने वेळीच एक सरळ प्रश्न विचारला असता, तर एवढा कल्लोळ उडालाच नसता, हे मंडपात कळत होते. घरात मात्र कळले नव्हते.

सकाळी उठताच पाहुण्यांस निरोप धाडला : पोहे मागाहून होतील, आधी उभयतांनी पवनीस वैनगंगेच्या घाटावर निवांत बोलावे.