माटवीखालचा गणपती

कोकणातल्या घरात गणपती बघायला गेलं की माझी नजर आधी वर जाते. मूर्तीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिला बांधलेलं अख्खं रान. सिंधुदुर्गात ही माटवी, गोव्यात माटोळी. मखर हल्ली घडी घालून बाजारातून आणता येतं, पुढच्या वर्षी पुन्हा उघडता येतं. माटवी दरसाल नव्यानेच बांधावी लागते.

नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं, चिबूड, आंबाडे हे तर हवंच. भादव्यात परसात जे पिकलं ते देवाला दाखवावं, हे कुणालाही सुचेल. मला नवल वाटतं ते त्यांच्या शेजारी लटकणाऱ्या मंडळींचं. कवंडळ लालभडक, पण इतकं कडू की माणूस तोंड लावत नाही. कळलावीचं फूल देखणं, कंद जहरी. तेरडा तर वाटेवर पायाखाली येणारा. वर्षभर ज्यांना कुणी विचारत नाही, ते चतुर्थीला नारळाच्या बरोबरीने देवाच्या माथ्यावर! नैवेद्याला चव लागते, माटवीत नुसतं त्या ऋतूत उगवलेलं असणं पुरतं. आपल्या सणांत इतका उदार विचार मला दुसरा दिसलेला नाही.

बांधायची दोरीही रानातलीच, केवणीच्या सालीची. तिच्याच पिळदार शेंगा म्हणजे मुरुडशेंग, तान्ह्या बाळाच्या पोटदुखीवर उगाळून देतात ती.

कवंडळाचा वेल कुणाच्या कुंपणावर चढलाय, कळलावी सड्याच्या कुठल्या कडेला फुलते, हे आज्याला ठाऊक असतं आणि पावसात त्याच्यामागून चिखल तुडवत जाणाऱ्या नातवाला कळतं. मुंबईहून आदल्या रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला कसं कळावं? गोव्यात कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं. त्यापायी रानाशी ओळख वाढते, हे खरं. दुर्मीळ फळासाठी ओरबाडायचा मोहही होतो.

बाकीच्यांना बाजार आहेच. सावंतवाडीत, कुडाळात, म्हापशात रस्त्याकडेला माटवीच्या सामानाचे ढीग लागतात. शहरातून आलेला एखादा ते लाल फळ हातात घेऊन विचारतो, "मावशी, हे कसं खायचं?"

मावशी जुडी बांधता बांधता, मान वर न करता, "ता खावचा नाय, बांधूचा!"