ट्वीडकाठी जागा विकणे आहे

‘जागा विकणे आहे’ हे तीन शब्द दिसले, की मुंबईकराची पावले आपोआप थबकतात. खिशात दमडी का नसेना, भाव विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. ही खोड पुरवून घ्यायची असेल तर स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवरच्या केल्सो गावी जावे. तेथे घरांच्या जाहिराती पुष्कळदा वकिलांच्याच कचेरीच्या काचेत लावलेल्या आढळतात. त्या देशात घरविक्रीचा धंदा वकीलही करतात.

केल्सो हे ट्वीड आणि टेव्हियट या नद्यांच्या संगमावरचे बाजाराचे गाव. आपल्याकडे संगम म्हटला की देऊळ आलेच. येथे ११२८ साली स्थापलेला मठ आहे, पण १५४५ मध्ये इंग्रज फौजेने तो उद्ध्वस्त केल्यापासून त्याचे भग्न बुरूजच काय ते उभे आहेत. नदीवर जॉन रेनीने १८०३ साली पुरा केलेला पाच कमानींचा देखणा पूल आहे. पुलाचा खर्च वसूल झाला तरी टोल चालूच राहिला, तेव्हा १८५४ साली शांत स्वभावाच्या केल्सोकरांनी चक्क दंगल केली! मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांचे जन्मगाव लॉडर याच मुलखातले.

गावाच्या मधोमध दगडी फरसबंदीचा ऐसपैस चौक आहे. भोवताली दोनतीन मजली घरे; खाली दुकान, वर बिऱ्हाड. काचेतली जागा अशाच एखाद्या दुकानावरची, डागडुजी करून नवी केलेली असते. दुकानाशेजारच्या अरुंद दारातून दगडी जिना वर जातो. पुढे चौकावर उघडणारी बसायची खोली, मागे स्वयंपाकघर. भिंती पांढऱ्याशुभ्र, ओटा चकचकीत. पाहणाऱ्याचे मन तिथेच विरघळते.

पण जाणता माणूस रंगाकडे पाहत नाही. भिंतीला चुना लावला की सिमेंट, ते विचारतो. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या. त्या पावसाचे पाणी पितात आणि वाऱ्याउन्हात ते परत सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि दोनचार हिवाळ्यांत नव्या रंगाला पोपडे धरतात. आपल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती ज्यांनी केली आहे त्यांना हे दुखणे सांगायला नको.

या बाबतीत तिथला कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. १ डिसेंबर २००८ पासून जुने घर विकायला काढणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने जाणकाराकडून घराची तपासणी करून घ्यावी लागते. छप्पर, भिंती, ओल यांना एक ते तीन असे क्रमांक देतात. तीन क्रमांक पडला, की दुरुस्ती तातडीची समजावी. अंदाजे किंमतही त्याच अहवालात असते.

दुसरा प्रश्न छपराचा. इंग्लंडात फ्लॅट बहुधा मुदतीच्या पट्ट्याने मिळतो. स्कॉटलंडात तो आपल्या पुऱ्या मालकीचा होतो. पण मालकीबरोबर शेजारही येतो. खरेदीखतात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर २००४ च्या कायद्याप्रमाणे छपराचा खर्च सगळ्या मजल्यांनी वाटून घ्यायचा. कौल वरच्याच्या डोक्यावर फुटले तरी वर्गणी तळमजल्याच्या दुकानदारालाही चुकत नाही. आमच्या सोसायट्यांच्या सभांतली भांडणे आठवली, की त्या जिन्यावर एकदम घरच्यासारखे वाटू लागते!

खरी कसोटी पुढेच आहे. जाहिरातीत बहुधा ‘या रकमेच्या वर मागणी करावी’ एवढेच म्हटलेले असते. गिऱ्हाइके बरीच झाली, की एक दिवस ठरतो आणि प्रत्येकाचा वकील बंद लिफाफ्यात आकडा देतो. दुसऱ्याने काय लिहिले हे कोणालाच कळत नाही. वकिलांची पत्रापत्री पुरी होऊन सौदा पक्का झाला, की दोघेही बांधले जातात. मग मागे फिरणे महागात पडते.

आता त्या लिफाफ्यांची कल्पना करा. एक आहे गावातच नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याचा, पै पै साठवून लिहिलेला. दुसरा आहे कोणा दूरच्या शहरवासीयाचा, त्याला उन्हाळ्यात चार दिवस नदीकाठी राहायला जागा हवी आहे. सरकारने २०१६ पासून दुसरे घर घेणाऱ्यावर जादा कर बसवला, डिसेंबर २०२४ मध्ये तो ८ टक्क्यांवर नेला. तरीही ज्याची थैली जड त्याचा आकडा मोठा, हे काही बदलत नाही.

केल्सोची आगगाडी १९६४ साली बंद झाली. २०१५ मध्ये एडिंबरोहून या मुलखात पुन्हा रेल्वे आली, पण ती ट्वीडबँकपाशीच थांबते. सप्टेंबरात एडक्यांचा मोठा बाजार भरतो तेव्हा गाव फुलते. पण गाव जगते ते बाजारावर नव्हे, बाजार उठल्यावर मागे राहणाऱ्या माणसांवर. दुकानांवरची बिऱ्हाडे कुलूपबंद राहिली, तर खालच्या पाववाल्याने आणि खाटकाने पहाटे दुकान उघडावे तरी कोणासाठी?

म्हणून कधी केल्सोला गेलात, तर जागेचा भाव जरूर विचारा. मात्र दिवेलागणीच्या वेळी चौकात उभे राहून एकदा वरही पाहा. किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा.