मालवणच्या बंदरावरची एक चढाई

मालवणला जाऊन काय पाहावे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचे निळे पाणी, आणि परत आल्यावर आठवडाभर बोलण्यापुरते बांगडे व सोलकढी, एवढी यादी प्रत्येकाच्या खिशात तयार असते. मी मात्र या खेपेला मालवणला गेलो तो कबड्डीचा सामना पाहायला. घरी हे सांगितल्यावर पत्नीने माझ्याकडे असे काही पाहिले की, सामन्यात मीच चढाईला जाणार आहे असा तिचा समज झाला असावा.

निमंत्रण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. हा मालवणचा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. आता गावीच नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात पोरांना कबड्डी शिकवतो. "सर, नारळीपौर्णिमेला या," त्याने फोनवर सांगितले, "दर्या शांत नसतो, पण माणसं खुशीत असतात."

कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि एस्टी धरली. श्रावणातली ती वाट कोणीही डोळे मिटून करू नये. भाताची खाचरे, मधूनच चिऱ्यांचे लाल गडगे, पावसाने काळी पडलेली कौले. आणि मग एका वळणावर वाऱ्याचा वास बदलतो. शेजारच्या म्हातारबाईंनी न विचारताच सांगितले, "इला मालवण."

दुपारी सारे गाव बंदरावर लोटले होते. समोर पाण्यात सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर 1664 साली या किल्ल्याचा पाया घातला. किल्ल्यावरचा मानाचा नारळ दर्याला अर्पण झाला, मागोमाग लोकांनी आपापले नारळ सोडले, आणि धक्क्यावर नारळ लढवण्याची धमाल सुरू झाली. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर टोला हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला. या खेळाला पंच लागत नाही, हे मी तेव्हाच मनाशी नोंदले. नारळ फुटला की फुटला; त्यात वाद कसला घालणार? रात्री जे पाहायला मिळाले त्यानंतर या नारळांची मला फार आठवण झाली.

रात्री बंदराजवळच्या मैदानावर दिवे लागले. अंतिम सामना मालवणातलाच एक संघ आणि खाडीपलीकडच्या एका गावचा संघ यांच्यात होता. माझा विद्यार्थी संयोजकांपैकी, त्यामुळे मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. भोवती सगळे जाणकार. माझे स्वतःचे कबड्डीज्ञान म्हणजे शाळेत दोनदा फाटलेली चड्डी, एवढेच.

ज्यांनी हा खेळ केवळ दूरचित्रवाणीवर पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्या आजोबांच्या हुतूतूचे तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई; गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ संपेपर्यंत; आणि अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजत. गावागणिक नियम वेगळे. पुढे 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवल्या, 1950 साली अखिल भारतीय संघटना झाली, आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. म्हणजे हा खेळ वाढला तोच नियम बदलत बदलत. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य कबड्डीत प्रत्येक पिढीने म्हटलेले आहे.

पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. त्यातल्या दोन्ही कडांच्या एकेक मीटर पट्टीला लॉबी म्हणतात. ही पट्टी मोठी चमत्कारिक. चढाई करणाऱ्याचा आणि पकड करणाऱ्यांचा स्पर्श होईपर्यंत ती मैदानाबाहेर. एकदा झटापट सुरू झाली की मैदानात. माजघर आणि ओसरी यांच्यामधला उंबरठाच म्हणा ना!

शेवटचे मिनिट उरले तेव्हा दोन्ही संघांचे सत्तावीस-सत्तावीस गुण होते. मालवणचा एक सडपातळ मुलगा चढाईला गेला. पलीकडचा कोपरारक्षक झेपावला, याने अंग चोरले, ओल्या मातीवर पाय घसरला, आणि कोणालाही स्पर्श न होता तो थेट लॉबीत गेला. त्याच्या पाठोपाठ तिघांनी उड्या घेतल्या आणि त्याला तिथे दाबून धरले. पंचांची शिट्टी वाजली.

आणि मग गलका उठला.

"तीनय बाद!" मालवणकर ओरडले. "हात लागूक नाय, मगे लॉबीत गेले कित्याक?"

"ह्यो नियम आता नाय!" पलीकडून उत्तर आले. "चढाईवालो भायर गेलो, थंयच चढाई संपली. टीव्हीर बघ मा!"

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला हिशेब समजावून दिला. जुन्या नियमाने चढाईवाला बाद, म्हणून खाडीपलीकडच्यांना एक गुण. पण स्पर्शाशिवाय लॉबीत शिरलेले तिघेही बाद, म्हणून मालवणला तीन. नव्या नियमाने चढाईवाला लॉबीत गेला त्या क्षणी खेळ थांबला. मागून आलेल्यांना काहीच शिक्षा नाही. तेव्हा जुन्या नियमाने मालवण जिंकत होते आणि नव्याने हरत होते. घसरलेला पाय एकच, आणि करंडक दोन घरी जाऊ पाहत होता.

"हांगझोऊक हेंच झाला," एक तरुण म्हणाला. खरेच होते ते. 2023 साली चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई खेळांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात चालू होता. गुण 28-28, आणि शेवटचे मिनिट-दीड मिनिट शिल्लक. भारताचा कर्णधार पवन सेहरावत कोणालाही न शिवता लॉबीत गेला, इराणचे खेळाडू त्याच्यामागे गेले, आणि जुना नियम की नवा यावरून सामना जवळजवळ तासभर अडला. शेवटी भारताने तो 33-29 असा जिंकला. सोन्याचे पदक मिळाले, पण त्या तासाची चर्चा अजून संपलेली नाही.

मलाही राहवले नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने सांगितलेली तिथल्या फुटबॉलची हकिकत मी या मंडळींना ऐकवली. त्या खेळात लांबून फेकलेला चेंडू झेलायला धावणाऱ्याला, चेंडू पोचण्यापूर्वीच आडवले तर तो गुन्हा. त्याला पास इंटरफिअरन्स म्हणतात. व्यावसायिक सामन्यांत याची शिक्षा अशी की गुन्हा घडला तिथपर्यंत चेंडू पुढे न्यायचा, मग ते अंतर चाळीस यार्ड का असेना. कॉलेजच्या सामन्यांत मात्र पंधरा यार्डांच्या वर शिक्षा नाही. एवढ्याशा धक्क्याला चाळीस यार्ड म्हणजे फार, असे एक पक्ष म्हणतो. शिक्षा हलकी केली तर रक्षक मुद्दामच धक्के मारतील, असे दुसरा. 2019 च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या सामन्यात असा ढळढळीत गुन्हा झाला आणि पंचांनी शिट्टीच वाजवली नाही. एवढा गहजब झाला की त्या वर्षीच्या हंगामापुरती चित्रफीत पाहून फेरनिर्णयाची सोय केली, आणि पुढच्याच वर्षी ती काढूनही टाकली.

"म्हणजे थंयपण आमच्यासारख्याच," शेजारचे गृहस्थ समाधानाने म्हणाले.

मालवणातही दोन्ही पक्ष तसेच होते. रेघ ती रेघ, असे एकांचे म्हणणे. उंबरठा फुकट ओलांडू दिला तर तो ठेवायचा कशाला? उलट बाजूचे म्हणणे, निमिषभरात स्पर्श झाला की नाही हे धावणाऱ्याला कळणार कसे? शिवाय जुन्या नियमात एखादा चलाख गडी स्वतःचा एक बळी देऊन तीन घेऊ शकतो. विचार करता मला नवा नियम अधिक न्यायाचा वाटला. मी तसे बोललोही. त्यावर मागे उकिडवे बसलेले एक वृद्ध रापणकर, जे आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले,

"मास्तरानू, रापण ओढूच्या आदी वाटो ठरता. मासळी बघून ठरवूचो नसता."

मी गप्प बसलो. किनाऱ्यावरून पन्नास हातांनी जाळे ओढायचे, तर कोणाचा किती वाटा हे जाळे पाण्यात जाण्यापूर्वीच ठाऊक हवे. एरवी मासळीच्या राशीपाशी रोज मारामाऱ्या होतील. कोणता नियम चांगला, यावर आम्ही अर्धा तास घसा कोरडा केला होता. त्या रात्रीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. कोणता नियम चालणार, हे दोन्ही संघांना आधी सांगितले होते का?

सांगितले नव्हते. संयोजकांच्या छापील पत्रकात लॉबीविषयी एक अक्षर नव्हते. पंच भला माणूस होता. आपण जो नियम शिकलो तोच देणार, असे म्हणून त्याने जुन्या नियमाने निकाल दिला. 30-28. मालवण जिंकले. ढोल वाजला, पण जेमतेम. खाडीपलीकडचा कर्णधार, असेल विशीतला, डोळे पुशीत आला आणि त्याने सर्वांशी हात मिळवले. माझ्या विद्यार्थ्यापाशी येऊन तो एवढेच म्हणाला, "दादा, आदी सांगूक होया होता."

सामना संपल्यावर आम्ही दोघे किनाऱ्याने घरी निघालो. पौर्णिमेचा चंद्र ढगांतून मधूनच डोकावत होता आणि किल्ल्याची काळी तटबंदी उजळून पुन्हा विझत होती. विद्यार्थी बराच वेळ बोलला नाही. मी त्याची समजूत घालू लागलो, की अनवधान कोणाच्याही हातून होते.

"होतं, सर," तो म्हणाला. मग किंचित हसून, "तुमच्याही हातून झालं होतं."

मला आठवेना. त्यानेच आठवण दिली. शेवटच्या वर्षी मी वर्गात सांगितले होते, शुद्धलेखनाच्या दहा चुका माफ. पेपर तपासताना मात्र ऱ्हस्वदीर्घाचा सुळसुळाट पाहून माझे डोके फिरले आणि मी प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापला. याचे नऊ अर्धे गुण गेले आणि वर्गातले पहिले बक्षीस दोन गुणांनी हुकले.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही सर होतात," तो म्हणाला. "आणि चुका माझ्याच होत्या. नऊच्या नऊ."

तेच तर अवघड होते. चुका खऱ्या होत्या, कडक नियमही योग्यच होता. फक्त तो मी चढाई संपल्यावर आणला होता. पंधरा वर्षांनी क्षमा कशी मागतात, हे मराठीच्या प्राध्यापकालाही पटकन सुचत नाही. "चुकलो रे," एवढेच म्हणालो. तो हसला आणि माझ्या हातातली छत्री त्याने आपल्याकडे घेतली.

सकाळी निघताना त्याच्या आईने खाजाचा पुडा आणि चार नारळ बांधून दिले. एस्टी थांब्यावर जाताना मैदानावरून गेलो. तिथे एक फळा उभा केलेला होता आणि माझा विद्यार्थी रात्रीच्याच दोन्ही कर्णधारांना घेऊन त्यावर खडूने लिहीत होता: पुढल्या वर्षी लॉबीचा नवा नियम चालेल. 'नियम' मधला 'नि' त्याने दीर्घ काढला होता.

मी पाहिले, आणि काही न बोलता एस्टीत चढलो.